विद्युत् चलित्र आरंभक : जुन्या यांत्रिक हत्यारांवरील तारजोडणी व दोषशोधन

विद्युत् चलित्र म्हणजे मोटर सुरक्षितपणे चालू करणे, ती चालू असताना तिच्यातील प्रवाहावर लक्ष ठेवणे आणि अतिभार आल्यास अथवा वीजपुरवठा खंडित झाल्यास ती पुरवठ्यापासून तोडणे, ही तीन कामे करणाऱ्या साधनास आरंभक म्हणतात. कारखान्यात व शेतात ते स्टार्टर याच नावाने परिचित आहे. या नावामुळे पहिल्याच कामाकडे लक्ष जाते. वस्तुतः उरलेली दोन कामे अधिक महत्त्वाची आहेत, कारण केवळ चालू-बंद करण्यासाठी साधा तिहेरी स्विचही पुरेसा झाला असता. लेथ, छिद्रण यंत्र, शेपर, पॉवर हॅकसॉ यांसारख्या जुन्या यांत्रिक हत्यारांवरील आरंभकाची जोडणी सहसा अनेक हातांखालून गेलेली असते, मूळ आराखडा हरवलेला असतो आणि तारांच्या रंगांवर विसंबता येत नाही. अशा यंत्रातील दोष शोधताना यंत्र कसेही करून चालू करणे हा हेतू ठेवल्यास संरक्षणाची कामे नकळत निकामी केली जातात आणि पुढे चलित्र जळते किंवा कामगारास इजा होते.

आवश्यकता : त्रिकला प्रवर्तन चलित्र थेट पुरवठ्यास जोडले असता आरंभीच्या क्षणी घूर्णक स्थिर असतो. स्थाणुकातील फिरते चुंबकीय क्षेत्र घूर्णकाच्या गजांना पूर्ण वेगाने छेदते व त्यांत मोठा प्रवाह प्रवर्तित होतो. त्यामुळे पुरवठ्यातून पूर्णभार प्रवाहाच्या सहा ते आठ पट प्रवाह ओढला जातो. ४१५ व्होल्ट दाबावरील ५ अश्वशक्तीच्या चलित्राचा पूर्णभार प्रवाह सुमारे ७·५ अँपिअर असतो. सुरू होताना तो काही क्षण ४५ अँपिअरच्याही वर जातो. वितळतार म्हणजे फ्यूज हा आरंभीचा प्रवाह सहन करील इतकी जाड असावी लागते. साहजिकच ती मंडलसंक्षेपापासून म्हणजे शॉर्ट सर्किटपासून संरक्षण देते. परंतु चलित्र दीडपट प्रवाहाने अर्धा तास तापत राहिले, तरी ती वितळेलच असे नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी आरंभकात स्वतंत्र अतिभार अभिचालित्र, म्हणजे ओव्हरलोड रिले, बसविलेले असते.

मराठवाड्यातील परिस्थिती : नांदेड व लातूर ही निजामाच्या हैदराबाद संस्थानातील कापूस, गळिताची धान्ये व कडधान्ये यांच्या व्यापाराची ठिकाणे होती. नांदेडची उस्मानशाही कापडगिरणी, सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने, लातूरच्या तेलघाण्या व डाळ गिरण्या यांना लागणारी दुरुस्ती गावातच व्हावी म्हणून लहान लहान यंत्रशाळा उभ्या राहिल्या. एक्सपेलरचे मळसूत्र भरून कातणे, डाळ गिरणीच्या रुळांचे दांडे सरळ करणे, ट्रॅक्टरच्या व पंपांच्या भागांना बुश बसविणे ही त्यांची नेहमीची कामे होत. पूर्वी अशा यंत्रशाळांत एका तेल एंजिनावरून छताखालचा लांब दंड फिरविला जाई व त्यावरून पट्ट्यांनी प्रत्येक यंत्र चाले. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाच्या १९६० मधील स्थापनेनंतर आणि विशेषतः परळी वैजनाथ येथील औष्णिक वीज केंद्र १९७१ मध्ये सुरू झाल्यानंतरच्या काळात विजेचा प्रसार होत गेला, तसतसे एकेका यंत्राला स्वतंत्र चलित्र लावण्यात आले. पट्ट्यावर चालण्यासाठी घडविलेल्या लेथला मागाहून चलित्र व आरंभक जोडल्याची उदाहरणे यामुळेच आढळतात. बाटला, लुधियाना व राजकोट येथील लेथ, हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्कर (स्थापना १९४१) कंपनीचे लेथ, तसेच मोठ्या शहरांतील कारखान्यांनी मोडीत काढलेली परदेशी यंत्रे असा मिश्र संच एकाच छपराखाली दिसतो. परदेशी यंत्रात नियंत्रणासाठी ११० व्होल्टचे लहान रोहित्र असते, तर शेजारच्या देशी यंत्राचे वेटोळे सरळ ४१५ व्होल्टवर चालते. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला लावताना होणाऱ्या चुका येथूनच सुरू होतात.

रचना : लहान चलित्रांसाठी थेट आरंभक वापरतात. त्याच्या जोडणीचे दोन स्वतंत्र भाग असतात व ते मनात वेगळे ठेवणे ही दोषशोधनाची पहिली पायरी होय. पहिला भाग शक्ती मंडलाचा. तीन कलांच्या तारा वितळतारांतून संपर्ककाच्या म्हणजे कॉन्टॅक्टरच्या तीन मुख्य स्पर्शकांकडे, तेथून अतिभार अभिचालित्राच्या तीन तापकांतून चलित्राकडे जातात. दुसरा भाग नियंत्रण मंडलाचा. पहिल्या कलेवरून निघालेली बारीक तार प्रथम अभिचालित्राच्या एरवी मिटलेल्या स्पर्शकातून, नंतर बंद करण्याच्या लाल कळेतून, मग चालू करण्याच्या हिरव्या कळेतून संपर्ककाच्या वेटोळ्यात म्हणजे कॉइलमध्ये जाते व दुसऱ्या कलेला मिळते. वेटोळे २४० व्होल्टचे असल्यास दुसरे टोक शून्य तारेस म्हणजे न्यूट्रलला जोडतात. लाल कळ एरवी मिटलेली व हिरवी कळ एरवी उघडी असते.

हिरव्या कळेशी अनेकसरीत संपर्ककाचा एक साहाय्यक स्पर्शक जोडलेला असतो. कळ दाबताच वेटोळे लोहगाभा ओढते, मुख्य स्पर्शक मिटतात, त्याबरोबर हा साहाय्यक स्पर्शकही मिटतो आणि कळ सोडल्यावर तोच वेटोळ्याला पुरवठा चालू ठेवतो. याला धारक स्पर्शक म्हणता येईल. वीज गेली की गाभा सुटतो व धारक स्पर्शक उघडतो. वीज परत आली तरी हिरवी कळ पुन्हा दाबल्याखेरीज यंत्र चालू होत नाही. कामगारांच्या बोलण्यात या वेटोळ्याला नो-व्होल्ट कॉइल म्हणतात ते याच गुणामुळे. लेथच्या चकमध्ये हात असताना, किंवा चकची किल्ली चकमध्येच राहिलेली असताना, वीज परत आली तर काय होईल याचा विचार केला म्हणजे एका लहानशा स्पर्शकावर किती मोठी जबाबदारी आहे हे ध्यानात येते.

अतिभार अभिचालित्रात प्रत्येक कलेसाठी द्विधातू पट्टी असते. प्रवाहाच्या उष्णतेने ती वाकते आणि ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावर नियंत्रण मंडलातील स्पर्शक उघडते. तो स्पर्शक मुख्य प्रवाह तोडत नाही. तो वेटोळ्याचा पुरवठा तोडतो व संपर्कक चलित्रास मुक्त करतो. या साखळीमुळे अभिचालित्राचे ट्रिप होणे व संपर्ककाचे सुटणे हे बाहेरून सारखेच दिसते, पण त्यांची कारणे भिन्न असतात.

पूर्वतयारी : मुख्य स्विच बंद करून वितळतारांचे धारक काढून घ्यावेत व दुरुस्ती करणाऱ्याने ते स्वतःच्या खिशात ठेवावेत, यंत्रशाळेत दुसरा कोणी ते बसवील ही शक्यता केवळ कल्पनेतली नाही. नंतर दाब नसल्याची खात्री मापकाने करावी. मापक आधी चालू तारेवर, मग बंद अग्रांवर व पुन्हा चालू तारेवर लावून पाहावा, म्हणजे मापकच बिघडलेला नाही हे कळते. चाचणी दिव्यांनी काम करावयाचे तर २३० व्होल्टचे दोन सारखे दिवे एकसरीत घ्यावेत; दोन कलांमध्ये एकच दिवा लावल्यास तो फुटण्याचा धोका असतो. निऑनच्या टेस्टरवर निर्णय घेणे चुकीचे आहे. एक कला गेलेली असतानाही चालू चलित्राच्या गुंडाळीतून त्या तारेवर दाब परत येतो व टेस्टर उजळतो. एकाच मुख्य वितळतारेवर अनेक यंत्रे असली, तर शेजारच्या चालू चलित्राकडूनही असाच फसवा दाब मिळतो.

त्यानंतर डब्याचे झाकण उघडून, काहीही न सोडता, असलेल्या जोडणीचा आराखडा कागदावर काढावा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांक द्यावा. या कामास तासभर लागतो व बहुतेक वेळी दोषही याच तासात नजरेस पडतो : काळवंडलेले अग्र, सैल स्क्रू, तुटलेला तारेचा धागा, उंदराने कुरतडलेले निरोधन, स्पर्शकांत चिरडलेली पाल. डाळ गिरणीजवळच्या डब्यात तुरीच्या फोलपटाची पूड व सरकी कारखान्याजवळ कापसाचे तंतू साचतात. ते ओलाव्याने घट्ट होऊन गाभा अडकवतात. तंतू तर ठिणगीने पेटही घेतात. मुंग्यांचा उपद्रव पावसाळ्यात विशेष असतो व मिटणाऱ्या स्पर्शकांमध्ये त्या सापडल्या की स्पर्श होत नाही.

दोषशोधन : हिरवी कळ दाबली असता काहीच होत नसेल, तर प्रथम येणाऱ्या तिन्ही तारांतील दाब दोन-दोन करून मोजावा. तीन वाचने जवळजवळ सारखी आली पाहिजेत. ती तशी असल्यास अभिचालित्र ट्रिप झालेले आहे काय ते पाहून पूर्वस्थितीवर आणावे. एवढ्याने काम न झाल्यास नियंत्रण मंडल क्रमाने तपासावे. आरंभकाकडून चलित्राकडे जाणाऱ्या तारा सोडून, उघडी टोके निरोधक पट्टीने झाकल्यावरच ही चाचणी घ्यावी, कारण ती यशस्वी होताच संपर्कक मिटतो. मापकाचे एक टोक वेटोळ्याच्या परतीच्या तारेला जी कला मिळते तिच्या अग्रावर स्थिर धरावे. मदतनिसाने हिरवी कळ दाबून ठेवावी. दुसरे टोक पहिल्या कलेपासून अभिचालित्राचा स्पर्शक, लाल कळ, हिरवी कळ व वेटोळे या मार्गाने एकेक अग्र पुढे न्यावे. जेथपर्यंत ४१५ व्होल्ट दिसतात तेथपर्यंत मार्ग सलग आहे. ज्या अग्रावर वाचन नाहीसे होते, त्याच्या व मागील अग्राच्या दरम्यान दोष आहे. मार्ग लांब असल्यास मध्यभागी चाचणी घेऊन निम्मा भाग एकदम वगळता येतो. वेटोळ्याच्या पहिल्याच नव्हे तर दुसऱ्याही अग्रावर ४१५ व्होल्ट दिसले, तर वेटोळे चांगले असून परतीची तार तुटलेली आहे. उलट वेटोळ्याच्या दोन अग्रांमध्ये पूर्ण दाब असूनही गाभा हलत नसेल, तर वेटोळे तुटलेले किंवा गाभा अडकलेला असतो.

कळ दाबलेली असेपर्यंत यंत्र चालते व सोडताच थांबते, या लक्षणाचे कारण बहुधा धारक स्पर्शकात सापडते. तो झिजलेला, कार्बन धरलेला किंवा त्याची तार निसटलेली असते. लेथच्या पुढील बाजूस कळांची दुसरी पेटी मागाहून बसविलेली असल्यास जोडणीची चूकही संभवते. लाल कळा कितीही असल्या तरी त्या एकसरीत आणि हिरव्या कळा अनेकसरीत असाव्या लागतात. हा नियम उलटला की एका पेटीवरून यंत्र बंद होत नाही, व ही उणीव अपघाताच्या वेळीच उघडकीस येते. हिरवी कळ काडीने दाबून ठेवून काम निभावण्याची रीत काही ठिकाणी दिसते. तिने धारक स्पर्शकाचे काम होते, पण वीज परत येताच यंत्र आपोआप चालू होते. शिवाय ट्रिप झालेले अभिचालित्र थंड होऊन आपोआप पूर्वस्थितीवर येणारे असल्यास यंत्र कोणाच्याही हाताशिवाय फिरू लागते.

संपर्ककाचा मोठा गुणगुणाट किंवा फडफड ऐकू आल्यास दाब मोजावा. संपर्कक नेमून दिलेल्या दाबाच्या ८५ ते ११० टक्के मर्यादेत मिटावा अशी अपेक्षा असते. ४१५ व्होल्टच्या वेटोळ्यासाठी खालची मर्यादा सुमारे ३५३ व्होल्ट येते. ग्रामीण वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, सर्व पंप चालू असताना, दाब याहून खाली जातो. त्या वेळी गाभा पूर्ण मिटत नाही. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वेटोळ्याचा अवरोध गाभा मिटल्यावरच वाढतो. गाभ्यात फट राहिली तर ते अनेकपट प्रवाह ओढत राहते व काही मिनिटांत जळते. म्हणजे दाब कमी असताना वेटोळे जास्त प्रवाहाने जळते. ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास विपरीत वाटते, परंतु जळालेली वेटोळी पुन्हा पुन्हा बदलणाऱ्या यंत्रशाळांचे कोडे तिने उलगडते. दाब योग्य असूनही गुणगुणाट असेल तर गाभ्याच्या तोंडावरील गंज व धूळ पुसावी आणि तेथे बसविलेले तांब्याचे कडे तडकलेले नाही ना ते पाहावे. प्रत्यावर्ती प्रवाह शून्यावरून जाताना गाभा सुटू नये यासाठी ते कडे असते. नव्याने गुंडाळून आणलेल्या वेटोळ्यावर दाबाची चिठ्ठी राहत नाही. २४० व्होल्टचे वेटोळे ४१५ वर लावल्यास ते जळते, आणि याउलट केल्यास गाभा ओढलाच जात नाही.

चलित्र गुणगुणते पण फिरत नाही, अशा वेळी तत्काळ पुरवठा तोडावा. एक कला आलेली नसते. संपर्ककाचे वेटोळे ज्या दोन कलांवर आहे त्या शाबूत असतील तर आरंभकाला तिसरी गेल्याचा पत्ताच लागत नाही. चालू चलित्राची एक कला गेली तर ते उरलेल्या दोन तारांतून तेवढ्याच भारासाठी सुमारे पावणेदोनपट प्रवाह घेऊन फिरत राहते. अभिचालित्र चलित्राच्या नामपट्टीवरील प्रवाहाला बरोबर जुळविलेले असेल तरच ते वेळीच सुटते. वारंवार ट्रिप होते म्हणून त्याची चकती सर्वांत वरच्या अंकावर फिरवून ठेवलेली असते, तेथे चलित्राची गुंडाळी जळणे ही केवळ वेळेची बाब असते. ग्रामीण भागात त्रिकला पुरवठ्याचे तास ठरलेले असताना धारित्र लावून दोन तारांवर त्रिकला चलित्रे चालविण्याची पद्धत शेतीपंपांत रूढ झाली. ती लेथवर आणणे इष्ट नाही, कारण कातताना भार क्षणोक्षणी बदलतो.

काही मिनिटे चालून ट्रिप होणाऱ्या यंत्रात चिमटा मापकाने तिन्ही तारांतील प्रवाह मोजावा. तिन्ही प्रवाह सारखे पण जास्त असल्यास कारण यंत्रात शोधावे : पट्टा ताणलेला, हेडस्टॉकमध्ये तेल नाही, बेअरिंग घट्ट, छेद खोल. प्रवाह असमान असल्यास दोष कलेत किंवा गुंडाळीत असतो. तिन्ही प्रवाह योग्य असूनही ट्रिप होत असेल तर अभिचालित्राचे अग्र सैल आहे का ते पाहावे. सैल जोडाची उष्णता द्विधातू पट्टीला अतिभारासारखीच वाटते. मराठवाड्यात मे महिन्यात तापमान ४२° से. च्या वर जाते व पत्र्याच्या छपराखालील डब्यात त्याहून बरेच अधिक असते. परिसराच्या तापमानाची भरपाई नसलेली जुनी अभिचालित्रे दुपारी ट्रिप होतात व सकाळी होत नाहीत. यावर उपाय डबा सावलीत व भट्टीपासून दूर हलविणे हा होय.

लाल कळ दाबूनही यंत्र थांबत नसेल तर तो सर्वांत धोकादायक दोष समजावा. मुख्य स्पर्शक एकमेकांस वितळून चिकटलेले असतात, किंवा गाभ्याच्या तोंडावर कोणी ग्रीस लावल्याने तो सुटत नाही, किंवा मधल्या भुजेतील सूक्ष्म फट झिजून उरलेल्या चुंबकत्वामुळे तो धरून राहतो. चौथे कारण तारजोडणीत असते. लाल कळेच्या दोन्ही बाजूंच्या तारांचे निरोधन यंत्राच्या सांगाड्याला घासून दोन ठिकाणी उघडे पडले, तर प्रवाह सांगाड्यातून जाऊन कळेला वळसा घालतो. या कारणासाठी नियंत्रण रोहित्र असलेल्या यंत्रात दुय्यम गुंडाळीचे एक टोक जमिनीला जोडतात व वेटोळे त्याच टोकाकडे ठेवतात. वेटोळे व भूजोड यांच्यामध्ये कोणतीही कळ ठेवीत नाहीत. भारतीय विद्युत् नियम, १९५६ मध्ये चलित्राच्या सांगाड्यास दोन स्वतंत्र भूजोड आवश्यक केले होते व पुढे केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या विनियमांतही ही अट कायम राहिली.

तारा-त्रिकोण आरंभक : मोठ्या चलित्रांत गुंडाळ्या आधी तारा म्हणजे स्टार व नंतर त्रिकोण म्हणजे डेल्टा जोडणीत घेतात. तारा जोडणीत प्रत्येक गुंडाळीस ५८ टक्के दाब मिळतो, आरंभीचा प्रवाह एक-तृतीयांश होतो. मात्र परिबलही एक-तृतीयांशच राहते. त्यामुळे क्लच दाबून, भार सोडवून यंत्र सुरू करावे लागते. तारामध्ये सुरळीत चालणारे यंत्र त्रिकोणात जाताच वितळतारा उडवीत असेल, तर चलित्राच्या सहा टोकांपैकी दोन उलट जोडली गेल्याची शंका घ्यावी. अभिचालित्र गुंडाळीच्या मंडलात बसविले असल्यास ते नामपट्टीवरील प्रवाहाच्या ५८ टक्क्यांवर जुळवितात. हे ठाऊक नसल्याने ते पूर्ण प्रवाहावर ठेवले जाते व संरक्षण उरत नाही.

पुरवठाखंड व आपोआप आरंभ : २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण भागात, दिवसाचे अनेक तास भारनियमन होते. विहिरीवरचा पंप रात्री-अपरात्री वीज येताच चालू व्हावा म्हणून शेतकऱ्यांनी आरंभकाला ऑटो स्विच जोडले. वीज येताक्षणी शेकडो पंप एकदम चालू होऊन रोहित्र जळते, म्हणून महावितरणकडून त्यांच्या वापराविरुद्ध वेळोवेळी आवाहने करण्यात आली. पंपाच्या बाबतीत हानी रोहित्राची होते. यांत्रिक हत्याराच्या बाबतीत ती माणसाच्या हाताची होते. पंपावरचा जुना आरंभक काढून लेथला लावताना त्यातील ऑटो स्विचची तार तशीच राहिलेली नाही ना, हे धारक स्पर्शकाजवळच्या अग्रांवर पाहून घेतले पाहिजे.

असाच धोका पुढे-मागे फिरविणाऱ्या ड्रम स्विचमध्ये असतो. पुष्कळ जुन्या लेथवर हा स्विच एकटाच, संपर्ककाशिवाय, बसविलेला आढळतो. दांडी पुढच्या स्थितीत असताना वीज गेली व परत आली तर यंत्र चालू होते, कारण येथे सुटणारा गाभाच नाही. ड्रम स्विचच्या आधी संपर्कक घालून, दांडी मधल्या स्थितीत असल्याखेरीज हिरवी कळ काम करणार नाही अशी जोडणी केल्यास हा दोष जातो. दिशा बदलण्यासाठी तीनपैकी कोणत्याही दोन तारा अदलाबदल करतात. परंतु चक आट्यांवर बसविलेला असेल तर उलट दिशेच्या झटक्याने तो सैल होऊन निसटू शकतो.

अंतिम चाचणी : दुरुस्तीनंतर चलित्र जोडण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने गुंडाळी व सांगाडा यांमधील निरोधन मोजावे, ते एक मेगओहमपेक्षा कमी असल्यास, विशेषतः पावसाळ्यात बंद राहिलेल्या यंत्रात, चलित्र आधी वाळवावे. नंतर यंत्र भाराशिवाय चालवून तिन्ही तारांतील प्रवाह लिहून ठेवावेत. प्रत्येक लाल कळ स्वतंत्रपणे दाबून यंत्र थांबते हे पाहावे. अभिचालित्राची चाचणी कळ दाबून संपर्कक सुटतो हे पाहावे. शेवटी, यंत्र चालू असताना मुख्य स्विच बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा लावावा. यंत्र स्तब्धच राहिले पाहिजे. ही नोंद आराखड्यासह डब्याच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवितात.